घन हायड्रोजनमधला लिथियम: क्लासिकल एमडी, पाथ इंटिग्रल की डिफ्युजन माँटे कार्लो?

सोलापुरात बसून एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टला घन हायड्रोजनमध्ये अडकलेल्या लिथियम अणूचं कॉम्प्युटर सिम्युलेशन हा विषय घेताय तर मेथड आधी ठरवा, नंतर बदलली की कोड पहिल्यापासून लिहावा लागतो.

विषय मात्र भारीये. लिक्विड हायड्रोजन-ऑक्सिजन रॉकेट इंजिनचा स्पेसिफिक इम्पल्स (इंधन किती कार्यक्षमतेने ढकलतं त्याचं माप) व्हॅक्युममध्ये साधारण ४५० सेकंद, इंधनात जादा एनर्जी साठवून त्याच्या पुढे जायचं म्हणून अमेरिकन एअर फोर्सने घन हायड्रोजनमध्ये लिथियम, बोरॉनसारखे सुटे अणू अडकवून ठेवायच्या कल्पनेवर काम करवून घेतलं. दोन अणू भेटले की जोडी जमते आणि साठवलेली एनर्जी इंजिनात जायच्या आधी तिथंच सुटते, म्हणून अणू बसतो कुठं आणि आजूबाजूला किती जागा रिकाम्या लागतात हेच खरं विचारायचं असतं.

क्लासिकल एमडी (मॉलिक्युलर डायनॅमिक्स, म्हणजे न्यूटनच्या नियमांनी रेणू हलवणं) साध्या लॅपटॉपवर पळते, पण इथं उपयोगाची नाही, हे मी स्पष्टच सांगतो. ४ केल्विनला हायड्रोजन रेणूची थर्मल वेव्हलेंग्थ (रेणू लाटेसारखा किती पसरतो ते अंतर) ६ अँगस्ट्रॉमच्या वर जाते आणि शेजारी रेणू आहे ३.८ अँगस्ट्रॉमवर, म्हणजे क्वांटम परिणाम सोडून चालत नाही. क्लासिकल हिशोबात एका रेणूची कायनेटिक एनर्जी (तापमानाच्या एककात) ६ केल्विन निघते, प्रत्यक्षात ती दहापटीच्या वर असते. फाइनमन-हिब्ज करेक्शन (क्लासिकल पोटेन्शियलमध्ये क्वांटम दुरुस्ती) लावून भागेल असं वाटतं, पण ते जास्त तापमानाचं एक्स्पान्शन आहे, एवढ्या थंडीत त्याच्यावर विसंबू नका.

डिफ्युजन माँटे कार्लो, म्हणजे रँडम चालींनी श्रोडिंजर समीकरण सोडवायची मेथड, ग्राउंड स्टेटची (सगळ्यात खालच्या अवस्थेची) एनर्जी फार छान देते. पण तापमान शून्य धरलेलं, शिवाय ट्रायल वेव्हफंक्शन (उत्तराचा आधीच लिहिलेला अंदाज) चांगलं लागतं, आणि अशुद्धीभोवती, म्हणजे लिथियमभोवती, रिकाम्या जागा असल्या की ते लिहिणं नवख्याला जड जातं.

माझं मत पाथ इंटिग्रल माँटे कार्लोला. रेणूचा क्वांटम पसरटपणा दाखवायला प्रत्येक रेणूची मण्यांची बंद माळ होते, मणी जेवढे जास्त तेवढं उत्तर खरं. पॅराहायड्रोजन (ज्यात दोन्ही प्रोटॉनचे स्पिन उलटे असतात तो हायड्रोजन) सगळ्यात खालच्या रोटेशनल अवस्थेत असतो, त्यामुळे रेणू सरळ गोल धरायचा, सिल्व्हेरा-गोल्डमन पोटेन्शियल (दोन हायड्रोजन रेणूंमधल्या बलाचं तयार सूत्र) वापरायचं, आणि घन अवस्थेत रेणूंची आपसातली अदलाबदल नगण्य असल्याने बोसॉनची भानगडही टळते. क्लाइन, व्होथ वगैरे मंडळींनी १९९० च्या दशकात लिथियमवर हेच केलं, म्हणजे ताडून बघायला आकडे आहेत.

खर्च वेळेचा. १८० रेणू आणि ५० मणी घेतले तर काम क्लासिकलच्या साधारण ५० पट, कारण एका नंबरचा मणी दुसऱ्या रेणूच्या त्याच नंबरच्या मण्याशीच बोलतो. मे महिन्यात आपल्याकडे चाळीसच्या वर पारा, त्यात लाइट जाते, तेव्हा दर थोड्या वेळाने चेकपॉइंट फाइल सेव्ह होईल असा कोड लिहा आणि मोठे रन रात्री लावा. लिथियम टाकायच्या आधी नुसत्या हायड्रोजनवर मणी वाढवत जाऊन कायनेटिक एनर्जी स्थिर होते का ते बघा, ती स्थिर होत नाही तोवर पुढं जाऊ नका.