पल्सर विकली, क्लासिक घेतली: विम्याच्या अदलाबदलीचा दहा महिन्यांचा अनुभव

नऊ वर्षं वापरलेली पल्सर १५० गेल्या दसऱ्याच्या तोंडावर विकली आणि क्लासिक ३५० घेतली. गाडीबद्दल नंतर कधीतरी लिहीन. आज फक्त विम्याबद्दल, कारण या दहा महिन्यांत डोकं खाल्लं ते त्यानेच.

सलग पाच वर्षं एकही क्लेम नाही, म्हणजे माझा नो क्लेम बोनस (क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट) ५० टक्के. शोरूमवाल्या पोराने मात्र शून्य बोनसचं कोटेशन पुढे केलं. "नवीन गाडी आहे सर, बोनस कुठून येणार?" अरे बाबा, बोनस गाडीचा नसतो, मालकाचा असतो! जुन्या कंपनीकडून त्याचं पत्र घ्यायचं, ते तीन वर्षं चालतं. फक्त दुचाकीचा बोनस दुचाकीलाच लागतो. पत्रासाठी गाडी विकल्याचा पुरावा मागतात. मी फॉर्म २९ आणि ३० च्या (गाडी दुसऱ्याच्या नावावर करायच्या अर्जांच्या) प्रती दिल्या, सहाव्या दिवशी पत्र मेलवर आलं. ओन डॅमेजचा, म्हणजे आपल्याच गाडीच्या नुकसानीचा, हप्ता २,८४० वरून १,४२० झाला. थर्ड पार्टीचे (आपल्या गाडीने दुसऱ्याचं नुकसान केलं तर त्याच्या विम्याचे) पाच वर्षांचे ७,३६५ रुपये मात्र भरावेच लागले. तो दर सरकारी, तिथे बोनस चालत नाही. शोरूमचाच विमा घ्यायची सक्ती नसते, हेही तिथे कोणी आपणहून सांगत नाही.

खरा ताप झाला जुन्या गाडीचा. घेणारा मुलगा समजून होता की विमा गाडीबरोबर आयताच आला. मी बोनस काढून घेतल्यावर उरलेल्या मुदतीचा फरक त्याला भरायला सांगितला, तर स्वारी नाराज. तीन-चारशेचा मामला, शेवटी मीच किमतीत सोडले.

पण नावावर करून घ्यायचं त्याने दोन महिने लांबवलं. थर्ड पार्टी कव्हर कायद्याने नव्या मालकाकडे जातं, तरी पॉलिसीवर नाव बदलायचा अर्ज त्याने १४ दिवसांत करायचा असतो. ओन डॅमेज तर आपोआप जातच नाही. मधल्या काळात गाडी ठोकली असती तर त्याला दमडी मिळाली नसती. आणि मला? हेल्मेट नसल्याचं ई-चलन माझ्याच मोबाइलवर आलं. चलनाचं ठीक आहे, पण अपघात झाला असता तर? आरसीवर ज्याचं नाव तोच मालक, असं सुप्रीम कोर्टाने २०१८ मध्ये सांगून ठेवलंय. शेवटी एका शनिवारी मीच त्याला एजंटकडे घेऊन गेलो. पुढच्या वेळी पाच हजार हातचे राखून ठेवणार, आरसी बदलल्यावरच देणार.

(उलट माझी एक चूक: बायकोच्या नव्हे, माझ्याच नावावरच्या स्कूटरवर १५ लाखांचं पर्सनल अ‍ॅक्सिडेंट कव्हर आधीच आहे. ते एका मालकाला एकच पुरतं. नव्या पॉलिसीत ते पुन्हा जोडलेलं मला घरी आल्यावर दिसलं.)

आता ऑक्टोबरात फक्त ओन डॅमेजचं नूतनीकरण आहे. कोटेशन मागवलीत, आणि त्यातल्या दोघांनी पुन्हा बोनस शून्यच धरलाय.