पाठीवरचा वळणदिवा: पावसाळ्यातील अनुभव
फोंडा ते पणजी हे सुमारे ३० किलोमीटरचे अंतर सायकलने कापताना, ओल्या रस्त्यावर एक हात सोडून वळण्याचा इशारा देणे मला नेहमीच धोक्याचे वाटत आले आहे, कारण नेमक्या त्याच क्षणी दोन्ही ब्रेकांची गरज असते. म्हणून पाठीवर बांधायचा, हँडलवरील बटणाने चालणारा दिवा घेतला. पट्टा घट्ट बसतो. रायबंदरच्या रस्त्यावर संध्याकाळी त्याचा पिवळा बाण दुरूनही स्पष्ट दिसतो, असे मागून येणाऱ्या सोबत्याने सांगितले. भर दुपारच्या उन्हात मात्र तो फिका पडतो आणि हातच दाखवावा लागतो. रेनकोट आधी घालून त्यावर दिवा बांधावा, अन्यथा बाण झाकला जातो. ही सूचना माहितीपत्रकात असायलाच हवी होती.