सात महिन्यांत तीन वाचने: 'द शायनिंग'

मी साताऱ्यात अकरावीत शिकते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मी अमेरिकी लेखक स्टीफन किंग यांच्या 'द शायनिंग' या इंग्रजी भयकादंबरीची प्रत जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतली आणि आता जानेवारीत तिसरे वाचन संपवून हा अनुभव लिहीत आहे. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसले असते, तर केवळ भुतांविषयीच लिहिले असते.

कोलोरॅडोच्या डोंगरातले 'ओव्हरलुक' हे भव्य हॉटेल हिवाळ्यात बंद असते, कारण बर्फ पडू लागला की तिथला रस्ताच नाहीसा होतो. त्या काळात राखणदार म्हणून जॅक टॉरन्स, त्याची पत्नी वेंडी आणि पाच वर्षांचा मुलगा डॅनी तिथे राहायला जातात. जॅकची शिक्षकाची नोकरी गेलेली आहे, त्याने दारू सोडलेली आहे, आणि दारूच्या भरात त्याने एकदा डॅनीचा हात मोडला होता. डॅनीला दुसऱ्याच्या मनातले कळते आणि पुढचे दिसते. यापुढचे कथानक मी सांगणार नाही.

बंद हॉटेल म्हणजे काय, हे मला मामांमुळे ठाऊक होते. ते महाबळेश्वरच्या एका हॉटेलात दोन पावसाळे रखवालीला होते. पाऊस आत येऊ नये म्हणून इमारतीला गवताच्या झडी, म्हणजे ताट्या, बांधलेल्या, आत दिवसाही अंधार, पावसाचा न थांबणारा आवाज आणि बुरशी येऊ नये म्हणून रोज वेगवेगळ्या खोल्या उघडून हवा खेळवण्याचे काम, असे ते सांगत. जॅकलाही ओव्हरलुकचे एकेक भाग आळीपाळीने गरम ठेवावे लागतात, हे वाचले तेव्हा मला मामांच्या हातातला किल्ल्यांचा जुडगाच आठवला. मी पहिले वाचन जुलैत केले, तेव्हा आमच्याकडेही यवतेश्वरचा डोंगर दिवसेंदिवस ढगात असे. त्या आठवड्यात रात्री पाणी प्यायला उठण्याचेही मी टाळत होते.

या कादंबरीचे खरे सामर्थ्य मला हॉटेल गरम ठेवणाऱ्या तळघरातल्या जुन्या बॉयलरमध्ये दिसते. त्याचा दाब आपोआप कमी होत नाही, तो राखणदाराने रोज आठवणीने उतरवावा लागतो, आणि विसरल्यास काय होईल, हे जॅकला सुरुवातीलाच बजावलेले असते. पहिल्या वेळी ही पाने मी यंत्राची माहिती म्हणून भराभर उलटली. सप्टेंबरमधल्या दुसऱ्या वाचनात मात्र बॉयलरचा प्रत्येक उल्लेख पेन्सिलीने अधोरेखित करत गेले, तेव्हा लक्षात आले की तळघरातला दाब आणि जॅकच्या मनातला राग लेखकाने एकाच गतीने वाढवत नेला आहे. भुते पुष्कळ उशिरा येतात. त्याआधी शेकडो पाने आपण एका बापाकडे, तो आज स्वतःला सांभाळू शकेल की नाही, या एकाच काळजीने पाहत असतो. गांधीलमाश्यांच्या पोळ्याचा प्रसंगही असाच आहे. जॅक औषधाने माश्या मारून रिकामे पोळे मोठ्या प्रेमाने डॅनीला देतो, आणि रात्री त्याच पोळ्यातून जिवंत माश्या बाहेर पडतात. बापाने प्रेमाने दिलेली वस्तूच मुलाला डसते, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसले होते. तिसऱ्या वाचनात, पुढचे सारे माहीत असूनही, माझा हात त्या पानावर थांबलाच.

किंग आणि त्यांची पत्नी 1974 च्या ऑक्टोबरअखेर कोलोरॅडोतल्याच एस्टेस पार्क गावच्या स्टॅनली हॉटेलात, ते हंगामापुरते बंद होण्याच्या बेतात असताना, 217 क्रमांकाच्या खोलीत राहिले होते. त्यातून ही कादंबरी सुचली आणि 1977 मध्ये प्रसिद्ध झाली. कादंबरीतली भयंकर खोलीही 217 च आहे. या कादंबरीवरच्या 1980 च्या चित्रपटात ती 237 झाली आणि झुडपे कातरून केलेल्या प्राण्यांच्या जागी चक्रव्यूह आला. ते प्राणी पाठ वळताच जागा बदलतात, आणि पुस्तकात त्यांची भीती हळूहळू अंगावर येते. मला पुस्तकच अधिक आवडते.

उणिवाही आहेत. मधल्या भागात जॅकच्या पूर्वायुष्याच्या आठवणी लांबतात, आणि अमेरिकी बोलीतल्या शिव्या व वाक्प्रयोगांसाठी मला पहिले वाचन शब्दकोश शेजारी ठेवूनच करावे लागले. मारहाण आणि दारू यांची वर्णने थेट असल्यामुळे नववीच्या आतल्या मुलांना मी हे पुस्तक देणार नाही. माझ्या प्रतीचा टाइप बारीक आहे. ऑक्टोबरमध्ये तिची पाने सुटू लागली, म्हणून ती बाइंडिंग करून घेतली.

मामांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून दिवाळीपासून दर रविवारी मी त्यांना दोन-तीन प्रकरणे मराठीत सांगते. सध्या आम्ही पहिला बर्फ पडतो तिथे पोहोचलो आहोत. मागच्या रविवारी त्यांनी भुतांविषयी एकही प्रश्न विचारला नाही; बॉयलर आज कोणी पाहिला, एवढेच विचारले.