नी-कॅप की काठी? दुखरा गुडघा घेऊन गड चढणाऱ्यांसाठी

सहा वर्षांपूर्वी अस्थिरोगतज्ज्ञांनी मला जे सांगितले होते, तेच गेल्या महिन्यात माझ्या थोरल्या मेहुण्यांच्या वाट्याला आले. उजव्या गुडघ्याची आतल्या बाजूची कूर्चा झिजली आहे, शस्त्रक्रियेची वेळ अजून आलेली नाही, चालणे थांबवू नका आणि वजन वाढू देऊ नका. त्यांचा रक्तदाबही माझ्यासारखाच चढा असल्यामुळे वेदनाशामक गोळ्यांना डॉक्टरांनी जवळजवळ बंदीच घातली आहे, आणि रविवारचा सिंहगड सोडण्याची त्यांची तयारी नाही. तेव्हा त्यांनी मला एवढेच विचारले, की नी-कॅप घ्यावी की काठी? दोन्ही वस्तू मी पदरमोड करून घेतल्या आहेत आणि दोन्ही पुरेशा झिजवल्या आहेत. त्यांना फोनवर जे सांगितले ते तुटक झाले, म्हणून येथे सविस्तर लिहितो आहे.

मांडीच्या पुढच्या स्नायूंचे व्यायाम चुकवून या दोहोंपैकी कशावरही भिस्त ठेवण्यात अर्थ नाही, हे वाचकांना ठाऊक असेलच. पाय ताठ ठेवून उचलणे आणि हात न टेकता खुर्चीतून उठणे-बसणे, एवढे दोन व्यायाम मी रोज सकाळी करतो आणि ते चुकले की तिसऱ्या-चौथ्या दिवशी गुडघा स्वतःहून आठवण करून देतो. अमेरिकेतील संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांतही गुडघ्याच्या झिजेसाठी व्यायाम आणि वजन घटवणे यांची ठाम शिफारस आहे. त्याच ठाम शिफारशींच्या यादीत काठी आहे आणि गुडघ्याचा आधारपट्टाही आहे. मात्र तो आधारपट्टा म्हणजे सांध्याला दोन्ही बाजूंनी धरणारा भक्कम प्रकार असतो. औषधांच्या दुकानात काउंटरमागे टांगलेली, पायात मोज्यासारखी चढवायची नी-कॅप नव्हे. आपल्यापैकी बहुतेकजण घेतात ती ही दुसरी, आणि माझी तुलनाही तिच्याशीच आहे.

नी-कॅपविषयी आधी चांगले बोलतो, कारण ते तिला देणे लागते. पहिल्यांदा चढवली तेव्हा गुडघ्याला कोणीतरी दोन्ही तळव्यांनी धरून ठेवले आहे असे वाटले आणि ही भावना खोटी नव्हे. तिची ऊब आणि तिची पकड यांमुळे सांधा सैल पडल्यासारखा वाटत नाही, पाऊल टाकताना मन कचरत नाही, आणि सकाळी उठल्यावरचा ताठरपणा लवकर सुटतो. तिने वजन उचलले जात नाही हे खरे. पण दुखण्यातला एक मोठा भाग धास्तीचा असतो आणि त्यावर ती चांगली लागू पडते. शिवाय पँटच्या आत ती कोणाला दिसत नाही. साठीला टेकलेल्या माणसासाठी हा गुण किती मोठा आहे, हे त्या वयाच्या माणसालाच कळेल. जवळजवळ दोन वर्षे मी तीच वापरत होतो आणि मैदानी चालण्यात तिच्याविरुद्ध माझी काहीही तक्रार नव्हती.

तक्रार सुरू झाली ती सिंहगडावर पायथ्याच्या अतकरवाडीतून चढणाऱ्या वाटेवर. ज्यांनी ही वाट आषाढात चढली आहे त्यांना पुढचे सांगण्याची गरज नाही, तरी सांगतो. पहिली वीस मिनिटे नी-कॅप जागेवर असते. मग घाम सुटतो, वरून पाऊस असतो, पँट मांडीला चिकटते आणि प्रत्येक उंच पायरीला गुडघा वाकला की ती केसभर खाली येते. असे शंभरएक वेळा झाले की तिचा वरचा काठ वाटीवर येऊन बसतो आणि मागचा भाग गुडघ्याच्या लवणीत दुमडून तिथे दोरीसारखा वळ पाडतो. म्हणजे जी वाटी सांभाळण्यासाठी ती घेतली, त्याच वाटीवर ती दाब देऊ लागते. ती वर ओढायची तर पँटवरून ओढता येत नाही, खालून पाचा वर सरकवावा तर ओला कापडी पाचा पोटरीच्या वर जात नाही. परिणामी दर पंधरा-वीस मिनिटांनी सोबत्यांना ‘तुम्ही व्हा पुढे’ म्हणून एखाद्या झुडपाआड जायचे, पँट उतरवायची, नी-कॅप ओढायची, आणि चिखलाने भरलेल्या बुटांवर एका पायावर तोल सांभाळत पुन्हा सगळे जागच्या जागी करायचे. एका रविवारी पायथ्यापासून गडाच्या पुणे दरवाजापर्यंत मी हे पाच वेळा केले. दुखऱ्या गुडघ्याच्या माणसाने पाच वेळा एका पायावर उभे राहणे हा उपचार म्हणावा की उपद्रव, याचा निर्णय त्या दिवशी माझ्यापुरता झाला.

उपाय करून पाहिले नाहीत असे नाही. एक आकार लहान घेतली, तेव्हा ती सरकली नाही पण पोटरी सुजल्यासारखी जड झाली आणि पायाला मुंग्या येऊ लागल्या. आतून सिलिकॉनच्या रेघा असलेली घेतली. ती हटून बसली खरी, पण उतरवली तेव्हा मांडीवर त्या रेघांबरहुकूम लाल पुरळ उठले होते. पँटवरून चढवण्याचा प्रयोग केला, तर ती कापडासकट खाली आली. शेवटी बिजागरीचा आधारपट्टाही एका मित्राकडून मागून पाहिला. त्याची पकड उत्तम होती, पण माझ्या पायाला तो उंच पायऱ्यांवर अवजड वाटला, आणि बारीक खडे त्याच्या पट्ट्यांत अडकत राहिले. ज्यांच्या मांडीचा आकार माझ्यासारखा वरून रुंद आणि खाली एकदम निमुळता नसेल, त्यांना कदाचित यातले काहीच सोसावे लागणार नाही. वास आणि वाळवणे यांविषयी मी लिहीत नाही. पावसाळ्यात निओप्रीन या रबरी कापडाची ओली नी-कॅप घरात दोरीवर दोन दिवस टांगलेली असली की त्यावर घरातल्यांचे काय म्हणणे असते, ते ज्याचे त्याने अनुभवावे.

काठीकडे वळलो तो चढण्यासाठी नव्हे, उतरण्यासाठी. गुडघ्याचे खरे हाल उतारावर होतात, हे झिजलेल्या गुडघ्याच्या प्रत्येक माणसाला माहीत असते. कारण मात्र मला उशिरा कळले. बर्लिनमधील संशोधकांनी कृत्रिम सांध्यातच मापक बसवून केलेल्या मोजणीत असे दिसले, की सपाटीवर चालताना गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट भार येतो, जिने चढताना तो तीन पटींच्या वर जातो आणि उतरताना साडेतीन पटींच्या जवळ पोहोचतो. माझे वजन ७४ किलो आहे. म्हणजे गडावरच्या देवटाक्याचे पाणी पिऊन, पिठलं-भाकरी आणि वर ताक असे सगळे पोटात घालून मी जेव्हा खाली निघतो, तेव्हा प्रत्येक उंच पायरीला गुडघ्यावर अडीचशे किलोंच्या आसपास ओझे पडते. नी-कॅप हा भार धरते, असे तिचा विक्रेताही म्हणत नाही. काठी मात्र त्यातला काही वाटा खरोखरच हाताकडे घेते. १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात २५ अंशांच्या उतारावर दोन काठ्या घेऊन चालणाऱ्यांच्या गुडघ्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झालेला आढळला होता. तो प्रयोग निरोगी माणसांवर झाला होता, त्यामुळे ते आकडे जसेच्या तसे मी स्वतःला लावत नाही. माझे मोजमाप वेगळे आहे: पूर्वी रविवारी गड उतरलो की मंगळवारपर्यंत घराचा जिना आडवे पाय टाकत उतरावा लागे, आता सोमवारी सकाळी दूध आणायला सरळ उतरतो.

काठी वापरणे शिकावे लागते, हा तिचा तोटा मानायचा की नाही ते आपण ठरवा. एकच काठी असेल तर ती दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. मी पहिले दोन आठवडे ती दुखऱ्या बाजूलाच धरत होतो, आणि मला वाटते, निम्म्याहून अधिक लोक आयुष्यभर तसेच धरतात. उजवा पाय पुढे जाताना डावा हात आपोआप पुढे जातो. काठी त्या हाताबरोबर गेली की चाल मोडत नाही आणि शरीराचा झोक दुखऱ्या गुडघ्यावरून बाजूला सरतो. सपाटीवरच्या काठीची उंची हात सैल सोडल्यावर मनगटाच्या घडीपर्यंत यावी. डोंगरातल्या जोडीची उंची कोपर काटकोनात येईल इतकी, आणि उतरताना त्याहून चार बोटे जास्त. मनगटाच्या पट्ट्यात हात वरून नव्हे तर खालून घालावा, म्हणजे भार मुठीवर न येता पट्ट्यावर येतो. ही क्लृप्ती मला गडावर भेटलेल्या एका सत्तरीच्या बाईंनी दाखवली आणि त्या दिवसापासून माझ्या अंगठ्याचे दुखणे थांबले. पहिला महिना दमणूक जास्त होते, खांदे भरून येतात. ब्राझीलमध्ये गुडघ्याच्या झिजेच्या ६४ रुग्णांवर काठीची चाचणी झाली होती, तिच्यातही सुरुवातीला चालण्याची शक्ती जास्त खर्च होत होती आणि दोन महिन्यांत ती पूर्वपदावर येऊन वेदना कमी झालेल्या दिसल्या. माझी साधारण तशीच गत झाली, फक्त मला सहा आठवडे लागले.

आता काठीचे दोष. दोन्ही हात गुंततात, त्यामुळे छत्री गेली, रेनकोट आला. जिथे हाताने कातळ धरून चढावे लागते तिथे ती चक्क अडचण आहे. बसमध्ये ती कोणाच्या ना कोणाच्या पायाला लागते आणि चहाच्या टपरीवर विसरते. मी एक अशी कायमची विसरलो आहे. याहून गंभीर दोष घडीच्या काठ्यांचा. माझी पहिली जोडी पिळून घट्ट करायच्या प्रकारातली होती. भर पावसात, घसाऱ्यावर, तिच्यावर पूर्ण वजन टाकलेले असताना पीळ सुटला आणि ती माझ्या हाताखाली टेलिस्कोपसारखी मिटली. तोंडावर पडलो नाही, बसलो, एवढेच. गुडघ्याला काही झाले नाही, पण कोपर महिनाभर दुखले. तेव्हापासून मी बाहेरून खटका दाबून बसवायच्या काठ्याच घेतो, आणि दुकानातच त्यांच्यावर सगळा भार टाकून पाहतो, विक्रेत्याला ते आवडो वा न आवडो.

आणि मग लोक. नी-कॅप दिसत नाही, काठी दिसते. पहिल्या दिवशी सोसायटीच्या फाटकापर्यंत जाईतो तिघांनी ‘काय हो, पडलात की काय?’ असे विचारले आणि चौथ्याने ‘काठी आली का हातात?’ असे म्हणून सुस्कारा सोडला. मेहुण्यांचा खरा अडसर हाच आहे अशी मला दाट शंका आहे, कारण फोनवर त्यांनी नी-कॅपची किंमत विचारली नाही, ती पँटमधून दिसते का, ते विचारले. यावर माझ्याकडे युक्तिवाद नाही. गडाच्या वाटेवर मात्र ही अडचण उरत नाही, कारण तिथे हल्ली पंचविशीतली मुलेही दोन-दोन काठ्या घेऊन चढतात आणि काठी हे वयाचे लक्षण न राहता सामानाचे झाले आहे. संकोच वाटत असेल त्यांनी पहिली काठी डोंगरातच वापरावी. गल्लीत ती आपोआप येते.

नी-कॅप मी टाकून दिलेली नाही, आणि काही जणांनी तीच घ्यावी असे मला प्रामाणिकपणे वाटते. ज्यांचे चालणे मुख्यतः सपाटीवर आणि तासाभराच्या आतले आहे, ज्यांच्या दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या असतात, ज्यांना दिवसभर दुकानात उभे राहायचे असते, त्यांना काठीचा फारसा उपयोग नाही. डिसेंबरच्या पहाटे दुचाकीवरून जाताना गार वारा गुडघ्याला झोंबतो, तेव्हा मीही तीच चढवतो. मापासाठी वाटीपासून वर चार-पाच बोटांवर मांडीचा घेर सुताने घ्यावा, केवळ ‘मीडियम’ म्हणून मागू नये. रात्री झोपताना ती काढावी, आणि पाय बधिर झाला तर तत्काळ. गुडघा सुजून गरम झाला, मध्येच अडकू लागला किंवा पाऊल टाकताना एकाएकी दगा देऊ लागला, तर मात्र दोन्ही वस्तू बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी कोणती चांगली हा प्रश्नच उद्भवत नाही.

चढ-उतार मात्र ज्यांना सोडायचे नाहीत, त्यांना मी काठीच सुचवीन, आणि पैसे असतील तर एक नव्हे, जोडी. मेहुण्यांनी तूर्त नी-कॅप घेतली आहे. येत्या रविवारी ते माझ्याबरोबर येणार आहेत, पाऊस तर आहेच, म्हणून मी माझी जुनी एक काठीही बरोबर घेणार आहे. तिच्या टोकाचे रबरी बूच एका बाजूने झिजून गुळगुळीत झाले होते, ते काल नवे बसवून आणले.