दोन मीटरचं फोम ग्लायडर: दिवाळी ते एप्रिल, सोलापूरच्या रानात

रडर (शेपटीवरची डावी-उजवीकडे वळवणारी उभी पट्टी) आणि एलिव्हेटर (नाक वर-खाली करणारी आडवी पट्टी) यांवर चालणारं, रिमोटने उडवायचं, दोन मीटर पंखांचं, ईपीओ नावाच्या चिवट फोमचं इलेक्ट्रिक ग्लायडर दिवाळीपासून एप्रिलअखेरपर्यंत वापरल्यावरचं हे मत. विमान उत्तम आहे. पण पेटीतून काढून तसंच उडवलं तर त्याची निम्मी कुवतही दिसत नाही, आणि इथलं ऊन त्याला आपटण्यापेक्षा जास्त छळतं.

आधी तोल साधा. पुस्तिकेतला सीजी, म्हणजे विमानाचा तोलबिंदू, सहसा सुरक्षिततेसाठी जरा पुढेच दिलेला असतो. सुरुवात तिथूनच करावी. मग उंचीवर मोटर बंद, विमान सरळ संथ, नाक साधारण ३० अंश खाली, दोन सेकंदांनी रिमोटची काठी मोकळी. नाक झटकन वर उसळलं तर पुढे वजन जास्त आहे. थ्री-एस (तीन सेलची) १३०० एमएएचची बॅटरी तीन-चार मिलिमीटर मागे घ्या, अप ट्रिम (एलिव्हेटरला कायम दिलेला वरचा कल) तेवढा कमी करा आणि पुन्हा तपासा. विमान सावकाश वर यायला लागलं की थांबा. सोडल्यावर नाक आणखीच खाली दबलं तर वजन मागे गेलंय, ते लगेच पुढे आणा. एवढी मेहनत घ्यायचं कारण म्हणजे नाकाला जड विमान थर्मलमधून (तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या गरम हवेतून) सरळ निघून जातं आणि पंख उचलल्याची खूण खालून दिसतच नाही.

दुसरं, ईएससीचा (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटचा) ब्रेक चालू आहे का ते बघा. तो बंद असला तर मोटर थांबवल्यावरही प्रॉप (पंखा) वाऱ्याने फिरत राहतो, पाती मिटत नाहीत आणि विमान भराभर उंची गमावतं. अनेकजण याला हवेचा दोष समजतात.

खरी मजा फेब्रुवारी-मार्चमध्ये. ज्वारी निघाली, कडबा उचलला, की उघडी काळी रानं दहाच्या सुमारास तापायला लागतात. नांगरलेली ढेकळं आणि शेजारी पाणी दिलेला ऊस असा बांध शोधावा. थर्मल बहुधा त्या कोरड्या बाजूने सुटतं. घारी गोल फिरत असतील तर विचारच करू नका, तिकडेच वळा. एक पंख आपोआप उचलला गेला तर त्याच बाजूला वळायचं, गोल वीस-पंचवीस मीटरचा ठेवायचा आणि थर्मल वाऱ्याबरोबर सरकतं तसं आपणही सरकायचं. परतीची उंची मात्र राखून ठेवा, कारण येताना वारा समोरून असतो.

उंची डोळ्यांनी मोजता येत नाही, म्हणून रिसीव्हरला व्हेरिओ (उंची आणि चढ-उतार रिमोटवर कळवणारं उपकरण) जोडणं मला आवश्यक वाटतं. विमानतळाच्या हद्दीपासून ८ किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय उडवू नये. ८ ते १२ किलोमीटरमध्ये ६० मीटर, त्यापुढे हिरव्या पट्ट्यात (नकाशावर परवानगीविना मोकळ्या दाखवलेल्या भागात) १२० मीटर ही मर्यादा. जागा ठरवण्याआधी डिजिटल स्काय या सरकारी ड्रोन संकेतस्थळाचा नकाशा बघाच. नान्नजच्या माळढोक अभयारण्याच्या आसपास तर अजिबात नको. जोरदार थर्मलमध्ये १२० मीटर चटकन येतात. अशा वेळी नाक खाली घालू नका: वेग वाढून पंख फडफडतो, पंख जोडणाऱ्या नळीवर ताण येतो. विमान शांतपणे ओल्या उसावर न्या. तिथली हवा सहसा बसती असते, उंची आपोआप उतरते.

आता ऊन. एप्रिलमध्ये बंद गाडीत ठेवलेला पंख पीळ खातो आणि विमान सतत एकाच बाजूला ओढतं. हेअर ड्रायरने हलकं गरम करून, उलटा पीळ देऊन, थंड होईपर्यंत तसंच धरलं की सरळ होतो. ग्लू गनने चिकटवलेले कंट्रोल हॉर्न (रडर-एलिव्हेटर हलवणारी तार जिथे अडकते ते छोटे तुकडे) उन्हात सुटतात. तिथे इपॉक्सी वापरा. बॅटऱ्या ओल्या फडक्यात गुंडाळू नयेत, सावलीत थर्मोकोलच्या डब्यात ठेवाव्यात. न वापरायच्या असतील तर प्रतिसेल ३.८ व्होल्टवर. फुगलेली बॅटरी पुन्हा चार्ज करू नका.

एलिव्हेटरची फोमची बिजागरी सगळ्यात आधी चिरते. नवीन असतानाच तिच्यावर पातळ टेप लावली तर पुढची कटकट टळते. काळ्या मातीची धूळ सर्वोच्या (रडर-एलिव्हेटर हलवणाऱ्या छोट्या मोटरच्या) गिअरमध्ये शिरते, त्यामुळे उतरवताना शक्यतो गवताची पड जमीन निवडा. पण बाभळीखाली नको, काटे फोममध्ये घुसून आत तुटतात.

संक्रांतीच्या आसपास गावाजवळ उडवणं बंदच ठेवावं. मांजा वरून दिसत नाही आणि फोमचा पंख तो सहज कापतो.

एलेरॉन (विमान कलवणाऱ्या पंखांवरच्या पट्ट्या) नाहीत म्हणून कुणी हे विमान नाकारत असेल, तर माझ्या मते चूक आहे. थर्मल शिकायला रडरच बरा, दोन्ही हातांचं काम कमी होतं आणि लक्ष हवेकडे राहतं. वारा ताशी २० किलोमीटरच्या वर असेल त्या दिवशी मात्र हे हलकं विमान घरीच ठेवावं.