धंतोलीतील पक्षाघात पाठपुरावा दवाखाना: तपासणी उत्तम, ताटकळणे फार

वडिलांना मेंदूतली लहान रक्तवाहिनी अडून होणारा पक्षाघात झाल्यापासून दर तीन महिन्यांनी आम्ही नागपूरच्या धंतोलीतल्या या दवाखान्यात जातो. पहिल्याच भेटीत डॉक्टरांनी एमआरआयची फिल्म उजेडावर धरून मेंदूच्या खोल भागातला तुरीच्या दाण्याएवढा ठिपका पेनाच्या टोकाने दाखवला आणि सांगितले, की रक्तपुरवठा अडून होणाऱ्या पक्षाघातांपैकी सुमारे चौथा हिस्सा याच प्रकारचा असतो. पहिला महिना बहुतेक रुग्ण निभावून नेतात, परंतु पुढील वर्षांत पुन्हा झटका येण्याचा, स्मृतिभ्रंशाचा आणि हृदयविकाराचा धोका कायम राहतो. श्रीमंत देशांत पक्षाघाताचे वयातला फरक जमेस धरून काढलेले प्रमाण गेल्या काही दशकांत घटले, त्यात रक्तदाबाच्या नियमित औषधांचा वाटा मोठा आहे, हेही त्यांनी समजावले. रक्तदाब १३०/८० च्या खाली ठेवायचा, साखर आटोक्यात आणायची आणि खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) पूर्ण बंद करायचा, असे त्यांनी बजावले. (यातले शेवटचे नागपुरात किती अवघड, हे नागपूरकरांना सांगायला नको.)

तक्रार एकच: दहाची वेळ देऊन साडेबाराला आत बोलावतात, आणि काठी टेकत आलेल्या रुग्णांसाठी बाहेर जेमतेम सहा खुर्च्या आहेत.