आठवीच्या वर्गातील ‘जागतिक प्रश्न’ कार्यशाळा : एक अभिप्राय

नागपुरातील आमच्या मराठी माध्यमाच्या शाळेत यंदा एका संस्थेने इयत्ता आठवीसाठी नीतिमूल्ये आणि जागतिक प्रश्न या विषयावर चार तासिकांची कार्यशाळा घेतली. वर्गशिक्षिका या नात्याने चारही तासिका मी मागच्या बाकावर बसून पाहिल्या. ही कार्यशाळा बोलावण्याचा विचार करणाऱ्या शिक्षकांसाठी हा अभिप्राय आहे.

पहिल्या तासिकेने निराशा केली. संयुक्त राष्ट्रांनी २०१५ मध्ये स्वीकारलेली १७ शाश्वत विकास उद्दिष्टे पडद्यावर झरझर सरकली, मुलांनी ती वहीत उतरवली आणि घंटा झाली.

दुसऱ्या दिवशी मात्र प्रशिक्षिकेने घरून आणायला सांगितलेल्या जुन्या टी-शर्टांच्या कॉलरमधील पट्ट्या मुलांकडून वाचून घेतल्या. एका पट्टीवर बांगलादेशाचे नाव निघाले, तेव्हा त्यांनी ढाक्याजवळील राणा प्लाझा या इमारतीची हकिकत सांगितली. २४ एप्रिल २०१३ रोजी ती कोसळून अकराशेहून अधिक माणसे गेली. आदल्या दिवशी भिंतींना तडे गेलेले दिसूनही शिवणकामगारांना कामावर बोलावले गेले होते. वर्ग गप्प झाला. मग ज्याचे आजोबा हिंगणघाटच्या बाजारात कापूस विकतात, त्या मुलाने विचारले, “या टी-शर्टाच्या किमतीतले कापूसवाल्याला किती मिळतात?” पुढचा सगळा वेळ या एका प्रश्नावर गेला, आणि तो जाऊ दिला याबद्दल प्रशिक्षिकेचे मला मनापासून कौतुक वाटते.

तिसरी तासिका सर्वांत सरस ठरली. नागपूरचे पाणी कुठून येते आणि कुठे जाते, हे तिच्यात नकाशावर पाहिले. आपण पेंच नदीचे पाणी पितो, आणि शहराचे सांडपाणी घेऊन नाग नदी कन्हानला मिळते. तेच पाणी पुढे वैनगंगेतून गोसेखुर्दच्या जलाशयात पोहोचते. पवनीजवळ आजोळ असलेली एक मुलगी उठली, नकाशावरून बोट फिरवत गेली आणि थांबून म्हणाली, “म्हणजे मामाच्या गावाला आपलंच पाणी जातं?” तिला कोणीही घाईने उत्तर दिले नाही. दूरच्या देशातील अन्यायाबद्दल हळहळणे मुलांना सहज जमते. आपल्या मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्याची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न त्यांना खऱ्या अर्थाने अस्वस्थ करतो, आणि नीतिशिक्षणाची सुरुवात तिथूनच व्हायला हवी असे माझे ठाम मत आहे.

म्हणूनच चौथ्या तासिकेचे वाईट वाटले. २० गुणांची, ‘योग्य की अयोग्य’ अशा खुणा करायची चाचणी घेण्यात आली. तीच मुलगी माझ्याजवळ येऊन हळूच विचारू लागली, “बाई, इथे कोणतं उत्तर पाहिजे आहे?” दोन दिवस स्वतः विचार करणारी मुले क्षणात अपेक्षित उत्तर शोधू लागली. सोबतच्या पुस्तिकेची भाषाही बोजड आहे. ‘हितधारक’ (एखाद्या प्रश्नाशी ज्यांचा संबंध येतो ते सगळे) या शब्दाचा अर्थ मलाच वर्गात समजावून सांगावा लागला.

पुढील वर्षी कार्यशाळा पुन्हा घ्यावी, अशी शिफारस मी मुख्याध्यापकांकडे केली आहे. मात्र चाचणी वगळावी आणि नाग नदीच्या विषयाला सलग दोन तासिका मिळाव्यात, हे संस्थेला आधीच लेखी कळवावे असेही त्यात नमूद केले आहे.